सूतभर जागा

मिस्त्री माझी पिशवी उपडी करत नाहीत. आत हात घालून एकेक हत्यार बाहेर काढतात, दाराकडच्या उजेडात धरून बघतात आणि फरशीवर अंथरलेल्या गोणपाटावर ठेवतात. काही उजवीकडे, काही डावीकडे. कशाला कुठली बाजू, ते सांगत नाहीत. मी समोर स्टुलावर, पेपर तपासून मिळण्याची वाट बघणाऱ्या पोरीसारखी बसले आहे.

सकाळचे साडेनऊ. भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला हा पत्र्याचा गाळा. गेले दोन दिवस इथे करवत चाललेली नाही, कारण पालखी होती. ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम पेठेतल्याच पालखी विठोबाच्या देवळात असतो, आणि तेव्हा या गल्ल्यांतून हातगाडी निघणंसुद्धा मुश्कील. काल पहाटे पालखी दिवेघाटाच्या वाटेला लागली. आज पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, आणि गाळ्यात भुशाचा, ओल्या गोणपाटाचा आणि टर्पेंटाइनचा मिळून एक वास भरून राहिला आहे.

उजवीकडे आता करवत आहे, गुण्या आहे, पाऊण इंची पटाशी, लोखंडी रंधा, लाकडी मोगरी. डावीकडची रास मोठी. उरलेल्या पाच पटाश्या, दोन कानशी, गिरमिट, पाणसळ, पक्कड, तीन मापांचे खिळे, पॉलिश पेपरची गुंडाळी. अर्ध्या वस्तू मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणल्या, अर्ध्या जुन्या बाजारात घासाघीस करून. घासाघीस केल्याचा मला जरा अभिमानही होता.

"आज लागंल तेवढं उजवीकडं," मिस्त्री अखेर बोलतात. "बाकीचं घरी न्या. वापरलं न्हाई की हत्यार गंजतं. आन् मग घरचं मानूस इचारतं, कशापायी आनलं."

टेप त्यांच्या हातात उरला आहे. तो डावीकडे टाका, असं मीच सुचवते. त्याचं टोकाचं वाकडं पान ढिलं आहे. हलवलं की खुळखुळतं. दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला, बदलून घ्यायचा आहे.

मिस्त्री हसतात. तंबाखूनं काळपटलेले दात दिसतात. "ताई, जगातल्या समद्या टेपचं टोक ढिलंच असतंय." ते टेप माझ्या हातात देतात. टोकाचं पान दोन रिव्हेटांवर बसवलेलं आहे, आणि रिव्हेटांची भोकं गोल नसून जराशी लांबट आहेत. फळीच्या कडेला टोक अडकवून टेप ओढला की ते पान बाहेर सरकतं. कपाटाच्या आतलं माप घेताना टोक भिंतीला टेकवून दाबलं, की आत सरकतं. किती सरकतं? बरोबर त्या पत्र्याच्या स्वतःच्या जाडीइतकं. बाहेरून मोजा, आतून मोजा, पत्र्याची जाडी मापात धरली जात नाही. पंचेचाळीस वर्षं मी टेप वापरते आहे, निदान बघते तरी आहे, आणि त्या खुळखुळण्याला दोष समजत आले आहे.

टेप उजवीकडे जातो.

आता पाट. तो मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आहे. आजीचा पाट, सागवानी, चार कोपऱ्यांना पितळी फुल्या, मधोमध बसून बसून आलेली चमक. मिस्त्री तो हातात घेतात, उलटा करतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. पाटाच्या लांबीतून, जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत, एक चीर गेली आहे.

"ह्या पट्ट्या कुनी मारल्या?"

"मी."

पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर पाट उभा असतो. जुन्या पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या. पाट उचलला की त्या खाचेत सरकायच्या, वाजायच्या. दोन वर्षांपूर्वी मी त्या ओढून काढल्या, नव्या पट्ट्या आणल्या, फेविकॉल चोपडला आणि वर प्रत्येकी चार स्क्रू पिळले. स्क्रू फिरेनासा होईपर्यंत. काय घट्ट बसलं होतं! पुढच्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी, स्वयंपाकघरातून फटाका फुटल्यासारखा आवाज आला.

मिस्त्री उसाच्या मोळीची गोष्ट सांगतात. ते मूळचे साताऱ्याकडचे. त्यांच्या वडिलांनी गावात बलुतं केलं, नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं, आणि सुगीत खळ्यावरून धान्य आणलं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी, ते म्हणतात. झाड उभं असताना त्या नळ्यांतून पाणी वर चढायचं. झाड तुटलं, फळी झाली, वाळली, तरी पावसाळ्यात हवेतला ओलावा त्या नळ्या पितात आणि उन्हाळ्यात सोडतात. नळी फुगते ती जाडीला, लांबीला नाही. म्हणून फळी रुंदीत वाढते आणि घटते, लांबीत जवळजवळ नाहीच. फूटभर रुंदीच्या पाटात पावसाळा ते उन्हाळा धरून सूतभर फरक सहज पडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आता पाटाखालची पट्टी बघा: तिच्या नळ्या पाटाच्या नळ्यांना आडव्या. पाट सूतभर आक्रसायला बघतोय, पट्टी आपल्या लांबीत हलायला तयार नाही, आणि दोघांना आठ स्क्रूंनी जखडलेलं.

"मग कुनीतरी फाटनारच," मिस्त्री म्हणतात. "पट्टी जाड हुती. पाट फाटला."

जुन्या पट्ट्या ढिल्या झाल्या नव्हत्या, त्या तशाच केलेल्या होत्या. पाटाच्या खालच्या बाजूला अजून त्या दोन खाचा दिसतात, माझ्या पट्ट्यांच्या शेजारी, रिकाम्या. तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. पट्टी बाजूनं सरकवायची, वरून उचलून निघत नाही. फळी वाकू द्यायची नाही, पण रुंदीत हलू द्यायची, एवढंच त्या पट्टीचं काम. कुणा सुतारानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी विचार करून ठेवलेली जागा मी फेविकॉलनं भरून टाकली.

"ह्यो राहू द्या बाजूला. आधी नवा करू. मंग कळंल, जुन्याचं काय करायचं."

लाकूड त्यांनी आधीच काढून ठेवलं आहे. कुठल्याशा पाडलेल्या वाड्याच्या दाराची फळी, जवळजवळ तेरा इंच रुंद. अशी सलग रुंद सागवानी फळी नव्या मालात आता सहजी मिळत नाही, मिळाली तर घनफुटाचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. वरून ती करडी, मातकट, रंगाच्या पोपड्यांची, भंगारच म्हणावं. मिस्त्री एक चुंबक सुतळीला बांधून फळीवरून फिरवतात. दोन ठिकाणी ते टचकन चिकटतं. जुन्या खिळ्यांची मोडकी टोकं आत राहिलेली असतात, आणि रंध्याच्या पात्याला ती एकदा लागली की अर्धा तास धार लावत बसायचं. खिळे ते खोदून काढतात. मग फळी उभी करून तिचं टोक मला दाखवतात. तिथे झाडाच्या वर्षांची वर्तुळं कापलेली दिसतात, कमानीसारखी. फळी वाळताना या कमानी सरळ व्हायला बघतात, म्हणजे फळीला ज्या बाजूनं पन्हळ येणार ती बाजू इथेच कळते. पट्टी फळीला धरून ठेवते ती हे होऊ नये म्हणून.

पहिल्या पाटाला असला जुना साग मिळणं हे माझं नशीब. नवशिक्यानं खरं तर स्वस्त लाकडावर हात बसवावा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन, सिल्व्हर ओक, आंबा. पाइन मऊ, करवत सरसर जाते, पण बोथट पटाशीखाली ते चेचतं आणि तुमची चोरी उघडी पडते. बाभूळ हत्यारांच्या दांड्यांना झकास, शिकायला नको. शिसवाच्या नादी तर लागूच नये. महाग, टणक, आणि उलटसुलट रेषांचं. प्लायवूडचा विषय मी काढते तेव्हा मिस्त्री हात झटकतात. प्लायला ऋतू कळत नाहीत. पातळ पापुद्रे एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे कुठल्याच बाजूला फारसं हलत नाही. त्यांचं पोट त्याच्यावरच चालतं, हेही ते लगेच सांगतात.

आणि आता, मला वाटतं, कापायला सुरुवात.

तर नाही. मिस्त्री माझी नवी कोरी पटाशी उचलतात, अंगठ्याच्या नखावर तिरपी टेकवतात आणि हलकेच ढकलतात. ती नखावरून घसरते. मग स्वतःची पटाशी टेकवतात. चाळीस वर्षं घासून घासून तिचं पातं निम्म्यावर आलं आहे. ती नखावर जागच्या जागी रुतते.

"दुकानातनं येती ती पटाशी नस्ती, लोखंडाचा तुकडा असतो."

पुढचा तासभर मी फक्त घासते. दोन बाजूंचा दगड, एकीकडे भरड, एकीकडे बारीक, वर पाणी. आधी पटाशीची पाठ. ती आरशासारखी सपाट हवी, निदान टोकाकडचा इंचभर तरी. कारण धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथे भेटतात ती रेघ, आणि एक बाजू खडबडीत असेल तर रेघ कुठून येणार? पाठीवर कारखान्याच्या यंत्राचे आडवे ओरखडे आहेत आणि त्यांच्यावर पिवळट लॅकरचा थर. ओरखडे हळूहळू जातात. मग उतार. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त ठेवायची, हा मिस्त्रींचा कोनमापक. (घरी आल्यावर मी गणित करून बघणार आहे: ते पंचवीस अंशांच्या आसपास येतं, पुस्तकात असतं तेवढंच.) उतार दगडावर पुरता टेकला की हाताला कळतं, पातं दगडाला चिकटल्यासारखं होतं. ते तसंच ठेवून पुढे-मागे. मनगट हललं की उतार गोल होतो. माझं मनगट हलतं. पुन्हा.

"आता पाठीवरनं बोट फिरवा. आडवं. उभं न्हाई, उभं फिरवलं तर बोट जाईल."

बोटाला काहीतरी अडतं. केसाहून बारीक, पण आहे.

"तार आली," मिस्त्री म्हणतात. उताराच्या बाजूनं घासून घासून पोलादाची अतिपातळ कड पाठीकडे वळली आहे. तार आली याचा अर्थ घासणं धारेपर्यंत पोचलं. ती आली नाही तोवर कितीही घासा, फुकट. मग बारीक बाजूवर पाठ, उतार, पाठ, उतार, हलक्या हातानं, तार तुटेपर्यंत. शेवटी मिस्त्री पटाशी घेऊन स्वतःच्या तळहातावर दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा ओढतात, न्हावी वस्तरा चामड्यावर ओढतो तशी. त्यांचा तळहात चामडंच आहे. मी हा प्रयोग करायचा नाही, असं डोळ्यांनीच बजावलं जातं.

पाइनच्या एका तुकड्याच्या टोकावर ते पटाशी दाबतात. कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटतो, आणि खालचं लाकूड मेणासारखं चमकतं. ही माझी पटाशी आहे, यावर माझा विश्वास बसत नाही.

गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला मिस्त्रींचा भाचा ट्रॉलीच्या खणांचं काम करतो आहे. त्याचं राउटर सुरू झालं की बोलणं थांबवावं लागतं. मी हातकामाबद्दल काहीतरी गोड बोलते, यंत्रात ती मजा नाही वगैरे. मिस्त्री माझ्याकडे जरा दयेनं बघतात. "मजा तुमाला हाय, ताई. तुमाला एकच पाट करायचाय. आमी चाळीस वर्षं रंधा मारला, ह्या खांद्याला इचारा." त्यांना स्वतःला तसलं एक राउटर हवंच आहे. त्यांची तक्रार एकच: पोरगं तोंडाला फडकं बांधत नाही, आणि एमडीएफची धूळ लाकडाच्या भुशासारखी खाली बसत नाही, ती हवेत तरंगत छातीत जाते.

रंधा. माझा लोखंडी आहे, मागे पितळी चाक. चाक फिरवलं की पातं वर-खाली होतं. हा घाट मूळचा अमेरिकेतल्या लेनर्ड बेली नावाच्या माणसाचा; त्याची पेटंटं स्टॅन्ली कंपनीनं 1869 साली घेतली आणि तेव्हापासून निम्म्या जगाचे रंधे या घाटाचे. मिस्त्रींचा लाकडी आहे, वडिलांच्या हातचा, पातं पाचरीनं अडकवलेलं. पातं पुढे काढायचं तर रंध्याच्या नाकावर टिचकी, मागे घ्यायचं तर बुडावर. टिचकी म्हणजे हातोडीची, पण इतकी हलकी की तबल्याचे गट्टू ठोकतात तशी.

फळी दोन गुटक्यांमध्ये अडकवली आहे. मिस्त्री तळहात फळीवरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवतात. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका दिशेनं केस बसतात, उलट दिशेनं उभे राहतात. "हितनं तिकडं," ते सांगतात. मी तिथूनच सुरू करते. पहिला हात लावते तो पात्याला काही लागतच नाही. दुसऱ्यांदा ते रुतून बसतं आणि माझं कपाळ फळीवर आपटता आपटता राहतं. चाक अर्धा फेरा मागे. तिसऱ्यांदा ‘सर्रर्र’ असा आवाज येतो आणि रंध्याच्या तोंडातून एक लांब गुंडाळी वर उसळते. करड्या मातकट फळीत एक पट्टा मधासारखा सोनेरी होतो, आणि वास येतो. चामड्यासारखा, थोडा मसाल्यासारखा सागाचा वास, जो इतकी वर्षं त्या करड्या कातडीखाली बसून होता.

मी उत्साहात येते, आणि तिथेच फसते. मधे एक गाठ आहे. तिच्या पलीकडे रेषांची दिशा बदलते. मी त्याच झोकात पुढे जाते आणि रंधा लाकूड तासण्याऐवजी उपटतो. नखाएवढे दोन खड्डे. मिस्त्री काहीच बोलत नाहीत, फळी फिरवून उलट्या दिशेनं गाठीपर्यंत दोन अगदी बारीक हात मारतात. खड्डे निम्मे जातात. "ही बाजू खाली," ते म्हणतात. कारागिरीतली एक मोठी सोय मला कळते: प्रत्येक वस्तूला खालची बाजू असते.

फळी सपाट झाली का, ते बघायला मिस्त्री दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या तिच्या दोन टोकांना आडव्या उभ्या करतात आणि एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या काठावरून लांबची बघतात. दोन्ही काठ समांतर दिसले तर ठीक. लांबची पट्टी एका बाजूला डोकं वर काढत असेल तर फळीला पीळ आहे. मला वाकून बघायला सांगतात. डाव्या कोपऱ्यात लांबची पट्टी अर्ध्या सुतानं डोकावते आहे. एरवी ही फळी मी हजारदा बघितली असती तरी ते दिसलं नसतं.

चहा येतो. पाऊस थांबतो, पुन्हा लागतो.

करवत हातात घेण्याआधी मिस्त्री तिचे दाते वर करून डोळ्यांसमोर धरतात, मग भिंतीवरच्या कॅलेंडरात खोचलेली सुई काढतात आणि दात्यांच्या ओळीवर आडवी न ठेवता उभी, लांबीत ठेवतात. करवत जरा कलती करतात. सुई दात्यांच्या मधल्या घळीतून घसरगुंडीवरून उतरावी तशी सरळ टोकापर्यंत जाते. दाते एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले असतात, म्हणून मधे ही घळ. त्यामुळे करवत आपल्या पानाहून रुंद चीर पाडते आणि पान त्या चिरेत मोकळं फिरतं. दाते सरळ असते तर दोन इंचांवर करवत लाकडात अडकून बसली असती. सुई मधेच थांबली तर तिथल्या एखाद्या दात्याचा कल बिघडला आहे.

"म्हणजे इथेही मोकळी जागाच," मी म्हणते.

मिस्त्री सुई परत कॅलेंडरात खोचतात. एकादशीच्या चौकोनात.

गुण्या लावून मी रेघ मारते. आधी पेन्सिलीनं, मग मिस्त्रींच्या सांगण्यावरून त्याच रेघेवर धारदार सुरीचं टोक. सुरीनं वरचे तंतू आधीच तुटतात, म्हणून करवतीखाली कड उसवत नाही. अंगठा पात्याच्या बाजूला उभा टेकवून, करवत मागे ओढत दोन-तीन हात, खाच पडेपर्यंत, मग पुढे. मी मूठ इतकी आवळली आहे की बोटं पांढरी पडली आहेत. "चिमनी धरल्यावानी धरा," मिस्त्री म्हणतात. तर्जनी पात्याच्या दिशेनं सरळ, बाकीची तीन मुठीला. करवतीवर जोर द्यायचा नाही, तिचं वजन पुरतं. मूठ सैल झाल्याबरोबर, आश्चर्य, करवत सरळ जायला लागते. शेवटच्या इंचात मात्र माझा तोल जातो आणि पान रेघेच्या आत शिरतं.

"रेघ खाल्ली."

खाल्ली. रेघ शिल्लक ठेवून टाकाऊ बाजूनं कापायचं असतं. पाट पावणेअठरा इंचांचा झाला.

खालच्या खाचा करायला मिस्त्री उकिडवे बसतात. फळी पायाच्या बोटांत आणि टाचेत अशी पकडतात की शिकंज्याची गरज पडत नाही. पहिली खाच त्यांची. तिरप्या कापलेल्या एका गुटक्याला करवत टेकवून दोन्ही बाजूंना तिरपे छेद, तीन सूत खोल. मग मधलं लाकूड पटाशीनं, दोन्ही कडांकडून मध्याकडे. एका कडेकडून सरळ पलीकडे गेलं की पलीकडची कड फुटते. ढलप्या उडतात. वीस मिनिटांत खाच तयार. तिचं एक तोंड दुसऱ्याहून अर्धा सूत रुंद आहे, आणि पट्टीही तशीच निमुळती. रुंद तोंडातून ती अलगद आत जाते, शेवटच्या बोटभर अंतरात बसते.

दुसरी खाच माझी. दीड तास लागतो. या दीड तासाचं वर्णन करण्यासारखं फारसं काही नाही. कंबर दुखते. एकदा पटाशी निसटते आणि डाव्या अंगठ्यापासून दोन बोटांवर फळीत रुतते. मिस्त्रींचा आवाज त्या वेळी पहिल्यांदा चढतो: दोन्ही हात पात्याच्या मागे, कायम, पुढे कधीच नाही.

पट्टी सरकवते. निम्म्यावर अडते. मी मोगरी उचलते.

"ऐकू आलं का?"

"काय?"

"पैल्या ठोक्याला पोकळ वाजलं. आता दगडावानी वाजतंय. अजून एक मारला तर फळी उकलंल."

पट्टी मागे काढायची. तिच्या तिरप्या कडेवर दोन ठिकाणी चकाकी आली आहे, घासून पॉलिश झाल्यासारखी. तिथेच ती अडते आहे. त्या दोन जागी रंध्याचा एकेक पापुद्रा काढायचा, पुन्हा सरकवायची, पुन्हा चकाकी शोधायची. चार वेळा. पाचव्यांदा पट्टी हातानं, मोगरीशिवाय, कडेला येऊन मिळते. मी सवयीनं फेविकॉलच्या डब्याकडे बघते. हा डबा 1959 पासून सुतारांच्या हाताशी आहे. त्याआधी सरस असायचा, जनावरांच्या कातड्या-हाडांचा, रोज गरम करायचा, आणि त्याचा वास मिस्त्रींना अजून जेवताना आठवतो म्हणे.

मिस्त्री डबा पायानं मागे सरकवतात. पट्टीच्या बरोबर मध्यावर एक बारीक भोक पाडतात आणि बांबूची एकच मेख ठोकतात. मधोमध धरलं म्हणजे फळी दोन्हीकडे सारखी हलेल. बाकी काही नाही.

वरून जवसाचं तेल. फडक्यानं चोळायचं, जिरू द्यायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. पोळपाटावर पडलेला तुपाचा थेंब जसा रंग चढवतो तसा साग एकदम गडद होतो आणि गाठीभोवतीच्या रेषा वर येतात. तेलाचं फडकं मी चुरगळून कोपऱ्यात टाकते. भाचा धावत येऊन ते उचलतो, पसरून दारातल्या दोरीवर वाळत घालतो. जवसाचं तेल वाळताना तापतं. गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, आणि इथे सगळीकडे भुसा.

पाच वाजत आले आहेत. मिस्त्री आजीचा पाट माझ्यासमोर उलटा ठेवतात आणि स्क्रूड्रायव्हर देतात.

चिरेकडे मी आता बघते. मे महिन्यात तिच्यात पोस्टकार्ड जायचं. आज नखसुद्धा जात नाही. पावसाळ्याची हवा पिऊन पाट फुगला आहे आणि फट जवळजवळ मिटली आहे. पहिले चार स्क्रू निघतात. त्या पट्टीखाली पटाशीचं टोक घालून मोगरीचा एक ठोका. फेविकॉलनं निम्म्या लांबीत आधीच हात सोडलेला असतो, उरलेला खरवडून निघतो. दुसऱ्या पट्टीतला, एकूण सहावा स्क्रू काढताना पाटातून ‘टक्’ असा आवाज येतो. बोट मोडल्यासारखा. मी दचकून मिस्त्रींकडे बघते.

"सुटला," ते म्हणतात.

आठवा स्क्रू गंजला आहे, त्याला वेळ लागतो. जुन्या खाचांत भुसा आणि वाळलेला फेविकॉल साचला आहे. तो साफ करायचा, नव्या पट्ट्या तासायच्या, चीर काय करायची ते पुढच्या खेपेला. उन्हाळ्यात करू, मिस्त्री म्हणतात, फट पुरती उघडली म्हणजे तिची खरी रुंदी कळेल. मी आठ स्क्रू ओंजळीत घेऊन कचऱ्याची टोपली शोधते.

"टाकू नका," ते हात पुढे करतात. आठही मोजून घेतात, बघतात, दोन गंजके बाजूला काढतात आणि सहा एका बिस्किटाच्या डब्यात टाकून झाकण लावतात. "ट्रॉलीला लागतील."

भाचा राउटर सुरू करतो.